वाक्यात उपयोग करा

मामा : "कापडाची वस्तू. धातूच्या काड्यांवर ताणलेली. दांडा हातात घेऊन पावसात डोक्यावर धरतात." तू इंग्रजीत लिहिलंयस, मी मराठीत वाचलं. काय आहे हे?

भाची : छत्री. सोपं तर आहे.

मामा : मग छत्रीच लिही ना बाई! आठवीतलं पोरगं आधी 'स्ट्रेच्ड'ला अडणार, मग 'फ्रेम'ला अडणार. तोवर पाऊस पडून जायचा.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची भाची म्हणजे माझी बायको. मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ती इंग्रजी शब्दांची एक पुस्तिका करते आहे. पुस्तिकेत सहाशे शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली सोप्या इंग्रजीत अर्थ आणि एक उदाहरणवाक्य. मराठीला पूर्ण मज्जाव. प्रुफं तपासण्यापलीकडे माझा या प्रकरणाशी संबंध नाही, आणि दोघंही माझं ऐकत नाहीत, म्हणून जे ऐकलं ते लिहून काढतो आहे.

भाची : छत्री तुम्हाला दिली. छत्री, चमचा, बेडूक, हातोडी यांच्या व्याख्या काढते आणि चित्रं टाकते. पण सहाशेत छत्र्या किती? बाकी सगळे 'अव्हॉइड', 'रिलक्टंट', 'इव्हेंच्युअली' असले शब्द आहेत. 'इव्हेंच्युअली'ला मराठीत काय द्याल?

मामा : शेवटी.

भाची : 'फायनली'ला?

मामा : शेवटी.

भाची : 'ॲट लास्ट'ला?

मामा : शेवटी. अखेर.

भाची : आणि 'आफ्टर ऑल'?

मामा : तेही शेवटीच. शेवटी तो आपलाच मुलगा आहे.

भाची : बघा. चार शब्द, अर्थ एक. मुलगा चारही एकाच खणात टाकतो आणि पेपरात हाताला लागेल तो काढतो. खरं तर 'इव्हेंच्युअली'त बराच काळ गेलेला असतो, बऱ्याच भानगडी झालेल्या असतात. 'ॲट लास्ट'मध्ये वाट बघून जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि ते एकदाचं होतं. 'आफ्टर ऑल'चा तर काळाशी संबंधच नाही, तिथे माणूस कारण सांगतो.

मामा : शाबास. आणि हे आत्ता मला कुठल्या भाषेत समजावलंस?

यावर ती जरा गप्प झाली. मामांनी सोडलं नाही.

मामा : 'एकदाचं' म्हणालीस ना? 'एकदाची एसटी आली' यापेक्षा 'ॲट लास्ट'चा नेमका अर्थ इंग्रजीत लिहून दाखव मला. चारही ठिकाणी 'शेवटी' छापणारे गाइडवाले आळशी आहेत. त्यात मराठीचा काय दोष? मोल्सवर्थ साहेबाने 1831 साली मराठीचा कोश काढला, तेव्हा मराठी शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत सांगितले का? आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत सांगितले. एका शब्दात भागेना तिथे दोन-तीन ओळी लिहिल्या, पण लिहिल्या इंग्रजीतच. साहेबाला परकी भाषा शिकताना स्वतःची भाषा चालते आणि आमच्या पोरांना मात्र नाही, हा कुठला न्याय?

मला वाटतं हा मुद्दा बिनतोड आहे, आणि इंग्रजीतून इंग्रजी शिकवणारे लोक त्याला सहसा हात घालत नाहीत. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची सुधारलेली आवृत्ती आजही मराठी माणसं स्वतःच्याच भाषेतले विसरलेले शब्द शोधायला उघडतात. साहेबाच्या भाषेत अर्थ दिल्याने मराठी शब्दाचं काही बिघडलं नाही. पण भाचीकडेही एक साहेब होता.

भाची : माझा साहेबही इथलाच आहे मामा. मायकल वेस्ट. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये होता, ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि निम्म्यातून शाळा सोडतात, हे त्याने बघितलं. मधेच शाळा सुटली तर त्या मुलाच्या हातात काय उरतं, हा त्याचा प्रश्न होता. त्याने त्याला नावच दिलं होतं 'सरेंडर व्हॅल्यू'.

मामा : एलआयसीसारखं?

भाची : अगदी तसंच. पॉलिसी मधेच मोडली तर हातात काय येतं? तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्याच्या हातात काय येतं? बहुतेक ठिकाणी शून्य. कारण पहिली वर्षं पुढच्या वर्षांची तयारी करण्यात जातात आणि पुढची वर्षं येतच नाहीत.

मामा : हे मात्र खरं बोलला तुझा साहेब. आमच्याकडे दहावीला इंग्रजीत पस्तीस काढून सुटलेली पोरं आहेत. औषधाच्या बाटलीवरची एक ओळ वाचता येत नाही त्यांना.

भाची : म्हणून वेस्ट म्हणाला, शब्द मोजके घ्या, पण सगळ्यात जास्त लागणारे घ्या. 1935 साली एंडिकॉट नावाच्या माणसाबरोबर त्याने एक कोश काढला. त्यात जवळजवळ 24,000 शब्द आणि वाक्प्रचार आहेत आणि सगळ्यांचे अर्थ सांगितलेत फक्त 1,490 शब्दांत. तेवढे ज्याला आले, त्याला बाकीचा कोश स्वतःचा स्वतः उघडता येतो. शेजारी मास्तर नको, गाइड नको.

मामा : म्हणजे आमचीच नोकरी घालवायची सोय!

आकडा गमतीचा वाटतो, पण 1,490 शब्दांत 24,000 नोंदी लिहिणं म्हणजे काय हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. सॅम्युअल जॉन्सनचा 1755 चा इंग्रजी कोश यासाठी बदनाम आहे. त्यात 'नेटवर्क'सारख्या साध्या शब्दाचा अर्थ इतक्या अगडबंब लॅटिन शब्दांत सांगितला आहे की जाळं म्हणजे काय हे माहीत असलेला माणूसही गोंधळून जाईल. जॉन्सनला त्याची फिकीर नव्हती, कारण त्याचा वाचक इंग्रज होता आणि त्याला जाळं ठाऊक होतं. अर्थ सांगताना वापरलेले शब्द मूळ शब्दापेक्षा सोपे असावेत हा आज बाळबोध वाटणारा नियम, पण तो परक्या वाचकासाठी कोश लिहायची वेळ आली तेव्हाच कोणी मनावर घेतला. हिच्या कामात मला तीच धडपड दिसते. 'टेम्प्टेशन'चा अर्थ लिहिताना 'डिझायर' हा शब्द तिने तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी 'वाँट'वर आली. 'वाँट' सहावीच्या मुलालाही येतो.

मामांना मात्र ही शिस्त फसवी वाटते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि शब्दांच्या कार्डांच्या गठ्ठ्यातल्या 'टॉलरेट'खाली रेघ मारली.

मामा : इथे काय लिहिलंयस? 'टू पुट अप विथ समथिंग.' 'पुट' तुझ्या यादीत आहे?

भाची : आहे.

मामा : 'अप'? 'विथ'?

भाची : तेही आहेत.

मामा : तिन्ही शब्द पोराला पाचवीपासून येतात. ठेवणे, वर, बरोबर. आता लाव अर्थ. 'सोबत वर ठेवणे'! आणि 'टॉलरेट' म्हणजे? सहन करणे. ती कपाटावरची बॅग झाली की गं.

ती हसली आणि खोडलं. ही चूक तिची एकटीची नाही. सोप्या शब्दांची यादी लहान असते, पण त्यातल्या 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक' या शब्दांच्या पोटात प्रत्येकी पन्नास अर्थ दडलेले असतात. लाँगमनने 1978 साली सुमारे 2,000 शब्दांत व्याख्या बसवलेला मोठा कोश आणला, तेव्हाही टीकाकारांनी हेच बोट ठेवलं होतं : शब्द मोजता, अर्थ कोण मोजणार? वेस्टला याची जाणीव असावी. 1953 साली त्याने सुमारे 2,000 नेहमीच्या शब्दांची जी यादी छापली, तिच्यात एकेका शब्दाचा कुठला अर्थ किती टक्के वेळा येतो हेही दिलं आहे. संगणक हाताशी नसताना लोकांनी पानं चाळून हे मोजलं. मला त्या मोजणाऱ्यांबद्दल, खरं सांगायचं तर, वेस्टपेक्षा जास्त कुतूहल आहे.

चहा झाला. मामांनी व्याख्यांचा नाद सोडला आणि तिसऱ्या ओळीवर आले. खरी जुंपली ती इथे.

मामा : 'रिलक्टंट'. उदाहरण, 'ही वॉज रिलक्टंट.' हे उदाहरण आहे?

भाची : ते तात्पुरतं आहे.

मामा : तात्पुरतं म्हणून छापून येतं आणि पोरं आयुष्यभर वापरतात. 'ही वॉज' म्हटल्यावर पुढे काहीही बसतं. 'ही वॉज टॉल.' 'ही वॉज हंग्री.' शब्द झाकून टाक आणि मुलाला विचार, गाळलेल्या जागी काय असेल? त्याला अंदाज करता आला, तर ते उदाहरण. नाही आला, तर ती नुसती सजावट. आमच्या पेपरात प्रश्न असायचा, 'वाक्यात उपयोग करा'. पोरं इतकी बेरकी! शब्द कुठलाही असो, लिहायची, 'माय टीचर टोल्ड मी द मीनिंग ऑफ रिलक्टंट.' वाक्य बरोबर, उपयोग बरोबर. मी अर्धा मार्क द्यायचो.

भाची : अर्धा का?

मामा : अक्कल दिसली म्हणून. पूर्ण का नाही, तर ती दुसऱ्या विषयात दिसली म्हणून.

गाळलेल्या जागेची ही कसोटी मला फार आवडली. पुढचा तासभर आम्ही तिघं गठ्ठ्यातली वाक्यं एकेक करून झाकून बघत होतो. दहापैकी सहा तरी नापास झाली. 'शी इज अ जेनरस वूमन.' नापास. 'वुई शुड अव्हॉइड बॅड कंपनी.' जेमतेम पास, आणि मामांच्या मते सुविचार म्हणून फळ्यावर लिहायच्या लायकीचं. ज्या वाक्यात काहीतरी घडतं तेच उभं राहतं, हे लक्षात यायला लागलं. 'रिलक्टंट'चं वाक्य तिने बदललं. मुलगी वडिलांना मार्कशीट दाखवायला काचकूच करते आहे : 'शी वॉज रिलक्टंट टू शो हर मार्कशीट टू हर फादर.'

मामा : आता झालं उदाहरण. मार्कशीट म्हटल्यावर पोराला पोटात गोळा येतो, आणि गोळा आला की अर्थ कळला.

भाची : आणि मामा, त्यात अजून एक गोष्ट आहे. 'रिलक्टंट टू शो'. पुढे 'टू' आणि क्रियापद येतं, हे न सांगता सांगितलं. तुम्ही मराठीत 'नाखूश' दिलं असतं तर मुलाने लिहिलं असतं 'आय ॲम रिलक्टंट विथ माय रिझल्ट'. निकालावर नाखूश, बरोबर ना? मराठीत चुकीचं काहीच नाही. 'नाखूश' चुकीचा अर्थ नाही, पण तो शब्द आपल्याबरोबर आपली मराठी बिऱ्हाडं घेऊन येतो.

मामा : 'परवडणे'चं तेच. 'इट इज नॉट अफोर्डिंग टू मी.' दर वर्षी एक तरी पेपर.

भाची : कारण मराठीत वस्तू परवडते, मला. इंग्रजीत माणूस 'अफोर्ड' करतो. हे कुठल्याही अर्थाने कळत नाही, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. वाक्यानेच कळतं.

इथे मामा पहिल्यांदा तिच्या बाजूला सरकले, आणि ते सरकले हॉर्नबीमुळे. त्यांच्या पिढीच्या इंग्रजी शिक्षकाला हॉर्नबी हे नाव घरच्या माणसासारखं. बी.एड.ला त्याचे पंचवीस क्रियापद-साचे पाठ करावे लागत. व्ही. पी. एक, व्ही. पी. दोन, असे त्यांचे नंबर मामांना अजून येतात. पण हॉर्नबीने ते जपानात बसून रचले हे त्यांना ठाऊक नव्हतं. ए. एस. हॉर्नबी 1924 मध्ये इंग्रजी वाङ्मय शिकवायला जपानला गेला. त्याच्या आधीच हॅरॉल्ड पामर तिथे पोहोचला होता आणि त्याने 1923 साली टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था काढली होती. हॉर्नबीच्या लक्षात आलं की जपानी मुलाला 'एक्स्प्लेन'चा अर्थ बरोबर येतो आणि तरी तो 'एक्स्प्लेन मी' लिहितो, कारण 'टेल मी' चालतं तर हे का चालू नये? अर्थाच्या बाजूने बघितलं तर त्याचं काही चुकत नाही. म्हणून हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जो कोश रचला त्यात प्रत्येक क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते दिलं. महायुद्ध पेटलं, हॉर्नबीला जपान सोडावं लागलं, आणि तो कोश 1942 साली छापला गेला तो टोकियोत, शत्रुराष्ट्राच्या राजधानीत, इंग्रजीचा. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये आपल्या नावाने आणला. भारतातल्या शिक्षकांच्या टेबलावर पुढे वर्षानुवर्षं दिसला तो हाच, 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स'.

मामा : 'एक्स्प्लेन मी'! म्हणजे जपानी पोरं आणि आमची पोरं एकाच वर्गातली की.

भाची : म्हणून म्हणते, आपल्या मुलाला इंग्रजाच्या मुलाचा कोश देऊन चालत नाही. त्याच्या चुका वेगळ्या.

मामा : आणि तेच मी म्हणतो. चुका मराठीतून येतात, म्हणून अर्थ मराठीत द्या!

दोघांनी एकाच खुंटीला उलट्या बाजूंनी दोर बांधला होता. मी कपबशा उचलल्या.

बाहेर आलो तेव्हा विषय बर्मिंगहॅमला पोहोचला होता. 1987 साली तिथल्या विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड नावाचा कोश तयार झाला. त्याची दोन वैशिष्ट्यं. व्याख्या पूर्ण वाक्यात, समोरच्याशी बोलल्यासारखी; आणि उदाहरणं मनाने रचलेली नाहीत, तर संगणकात साठवलेल्या लाखो शब्दांच्या खऱ्या मजकुरातून उचललेली. पहिली गोष्ट मामांना लगेच पटली.

मामा : ही रीत चांगली आहे. 'अव्हॉइड'ला कसं लिहितील? "तुम्ही एखाद्याला अव्हॉइड करता तेव्हा तो समोरून येताना दिसला की तुम्ही गल्ली बदलता." वर्गात मी असंच सांगायचो. व्याख्येत माणूस आला की मूल ऐकतं.

भाची : तुमचं चांगलं आहे, पण गल्ली कापावी लागेल. कोशात एवढी जागा नसते.

मामा : पुस्तिका कोश नाही. गल्ली ठेव.

गल्ली राहिली. मला वाटतं पुस्तिकेतली सगळ्यात चांगली व्याख्या तीच आहे, आणि ती आली मराठीतून, इंग्रजी कोशाच्या रीतीने.

दुसऱ्या वैशिष्ट्यावर मात्र मतभेद झाले, आणि ते माझ्या अपेक्षेच्या उलट निघाले. खऱ्या मजकुरातली वाक्यं आपल्या मुलांना परकी पडतील, असं मामा म्हणतील असं मला वाटलं होतं.

भाची : खरी वाक्यं खरी असतात, पण अर्धवट असतात. मागचापुढचा मजकूर कापलेला, कोण कोणाला बोलतंय ते कळत नाही. माझ्या मुलांना ते ब्रिटिश वर्तमानपत्रातलं वाक्य काय कामाचं? मी सगळी वाक्यं त्यांच्या जगातली करणार. एसटी, डबा, गॅदरिंग, ऊसतोड, गणपती. शब्द नवा असेल तर बाकी सगळं ओळखीचं हवं.

मामा : सगळं?

भाची : सगळं.

मामा : हे मला पटत नाही. मी जन्मात बर्फ बघितलेला नाही, फ्रीजमधला सोडून. पण 'स्नो' म्हणजे काय ते मला शाळेतल्या एका धड्याने शिकवलं, आणि गिरणीवाला, त्याचं गाढव, कोल्हा, कडाक्याच्या थंडीत वाट चुकलेलं पोरगं, हे सगळं तिथूनच आलं. इंग्रजी शिकायचं कशाला? एसटीतल्या कंडक्टरशी बोलायला? दुसऱ्याच्या घरात डोकवायला शिकायचं. तू पोरांना इंग्रजीच्या दारापर्यंत नेतेस आणि दार उघडलं की आत पुन्हा आपलीच पडवी.

भाची : मामा, दार उघडलं तर ना! शब्दही नवा आणि गिरणीवाल्याचं गाढवही नवं, म्हणजे दोन अनोळखी माणसं एकमेकांची ओळख करून देणार. वर्गात तुम्ही होतात. गाढव तुम्ही समजावून सांगायचात. पुस्तिकेबरोबर तुम्ही जाणार नाही आहात.

मामा : आणि मार्कशीट काय इंग्रजांकडे असते? त्यांच्याकडे 'रिपोर्ट' म्हणतात.

भाची : आपल्याकडे मार्कशीट म्हणतात, आणि मुलं आपली आहेत.

या मुद्द्यावर मी मनातून मामांच्या बाजूचा आहे, पण पुस्तिका तिची आहे आणि पुस्तिकेपुरतं तिचंच बरोबर असावं. सहाशे शब्द ज्याला अजून यायचेत त्याने दुसऱ्याच्या घरात डोकावून काय बघायचं? पण सहाशे आल्यावर पुढच्या पुस्तकातही एसटी आणि गणपतीच असतील तर मामांची पडवी खरी ठरेल. आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीला भेटायचं. चार वर्षं वाढली. मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्या चार वर्षांत मुलांच्या तोंडात भाज्यांची, प्राण्यांची आणि रंगांची नावं आली, क्रियापद आलं नाही. 'कॅबेज' म्हणजे कोबी हे पोराला कळतं, पण कोबीचं पुढे काय करायचं ते वाक्य येत नाही. जाणकार याच्याशी पूर्ण सहमत नसतीलही. मी ऐकलं तसं लिहिलं.

शेवटी तह असा झाला. ज्या वस्तू दाखवता येतात त्यांना चित्र. जिथे एक मराठी शब्द अचूक बसतो तिथे तो शब्द, कंसात नाही, सरळ ओळीत. जिथे मराठी शब्द फसवतो तिथे फक्त सोपं इंग्रजी आणि दोन उदाहरणं. मामांनी मराठी अर्थ हवेच असे चाळीसेक शब्द काढले. तिने निम्म्याहून जास्त मान्य केले, आणि मग 'ऑल्दो'चं कार्ड वर आलं.

भाची : इथे मला मराठीत एक सूचना द्यायची आहे.

मामा : तुला? मराठीत?

भाची : हो. आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' येतंच. म्हणून मुलं 'ऑल्दो' लिहितात आणि पुढे 'बट' घालतात. 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' खाली एक ओळ मराठीत टाकते, असं लिहू नये म्हणून.

मामा : अजिबात नाही. चूक छापू नकोस. तू खाली "लिहू नये" लिहिशील, पोरगं वरचं वाक्य पाठ करेल. 'नये' डोक्यातून जातं, वाक्य राहतं. मी अनुभवाने सांगतो.

भाची : पण ही चूक मराठीतूनच येते, मग मराठीतच सांगायला नको? सकाळपासून तुम्हीच तर म्हणताय!

मामा : अर्थ मराठीत म्हणालो. चुका नाही म्हणालो. चांगलं वाक्य दे, 'बट' नसलेलं, आणि गप्प बस. आण इकडे.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, दे प्लेड द मॅच.'

भाची : झाकून बघा. 'व्हेन' बसतं.

मामांनी खोडलं. थोडा विचार केला आणि पुन्हा लिहिलं : 'ऑल्दो शी हॅड स्टडीड ऑल नाइट, शी फेल्ड.'

भाची : 'आफ्टर' बसतं.

मामा : बसू दे. मास्तराला काही काम ठेवशील की नाही?